सर्जेरावाचा डावा हात

नाईक सर्जेराव बॉक्सिंग टीममध्ये दाखल झाला तेव्हा आमची पलटण पुण्यात होती. मी टीमचा कोच होतो. हुद्दा नायब सुभेदार. तो लोणी काळभोरचा, शेतकरी घरातला. वजन पंचाहत्तर किलो, म्हणजे मिडलवेट. त्या वजनाला उंची कमी, हात आखूड, पाय जड. पहिल्याच दिवशी त्याने उजवा हात मारला आणि पंचिंग बॅगचा हूक तुळईतून निखळला. हूक जुना होता, हेही नमूद केले पाहिजे.

त्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली. पलटणीने त्याच्या नावाचा चषक ठेवण्याचे ठरवले. तो कोणत्या कामगिरीसाठी द्यावा, अशी विचारणा कमांडिंग ऑफिसरांनी मला फोनवर केली. मी निवृत्त होऊन नारायण पेठेत राहतो. उत्तर देण्यास मी थोडी मुदत मागितली. चषक चुकीच्या गोष्टीसाठी दिला गेला, तर दरवर्षी माइकवरून त्याच्याबद्दल खोटे सांगितले जाईल. नागरिकांना ही बाब क्षुल्लक वाटेल. सैनिकामागे फार थोडे उरते. जे उरते ते बरोबर असावे.

म्हणून आधी त्याच्या बॉक्सिंगबद्दल.

त्याच्या उजव्या हाताइतका जड हात मी माझ्या सेवेत पाहिला नाही. तो नेमका लागला की बाउट संपत असे. तो जिंकला तो नेहमी नॉकआउटने. गुणांवर तो एकही बाउट जिंकला नाही, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, नव्हता. पायांत हालचाल नव्हती. आणि उजवा मारण्यापूर्वी त्याचा डावा हात हनुवटीवरून खाली येत असे. ज्याला हे ठाऊक होते तो आधी मारत असे, आणि सर्व रेजिमेंटना ते ठाऊक होते.

मी त्याला रुमालाची ड्रिल दिली. डाव्या ग्लोव्हने गालाशी रुमाल दाबून धरायचा आणि उजवा मारायचा. रुमाल पडता कामा नये. तो रोज स्वच्छ धुतलेला रुमाल आणत असे, आणि रुमाल रोज पडत असे. त्याने कंटाळा केला नाही. मीही केला नाही. उपयोग झाला नाही.

पुण्यातच झालेल्या एका फायनलमध्ये दुसऱ्या राउंडनंतर तो कॉर्नरमध्ये येऊन बसला. डावी भुवई फाटली होती.

"लेफ्ट वर," मी म्हणालो.

"वरच हाय, साहेब."

"मग तोंडावर काय वाजतंय?"

"लेफ्ट वर जायच्या आधी त्याचा येतोय."

तिसऱ्या राउंडमध्ये त्याचा उजवा एकदा लागला. प्रतिस्पर्धी खाली बसला, आठाच्या मोजणीला उठला, आणि उरलेला वेळ सर्जेरावापासून लांब फिरत राहिला. निकाल गुणांवर त्याच्या विरुद्ध गेला. निकाल योग्य होता. मी तेव्हाही तसेच सांगितले.

सैन्याच्या बॉक्सिंगमध्ये एक जुनी प्रथा आहे. हरूनही जो उत्तम लढला त्याला 'बेस्ट लूझर' म्हणून वेगळा चषक देतात. त्या दिवशी तो सर्जेरावाला मिळाला. चषक घेऊन तो माझ्यासमोर सावधान उभा राहिला.

"साहेब, हरण्यात तरी पैला आलो."

मी त्याला भुवईला टाके घालून घेण्यास पाठवले.

पुढे पलटण उत्तरेला गेली. तोवर त्याचे बॉक्सिंगचे वय संपले होते आणि मला सुभेदारी मिळाली होती. आमची पोस्ट उंचावर होती. हिवाळ्यात खालच्या पोस्टशी संपर्क ठेवण्यासाठी लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जात असे. काम रोजचे होते. दोर तपासायचे, बूट वाळवायचे, रॉकेल जपून वापरायचे, हवामानाची सूचना ऐकायची.

अशाच एका पेट्रोलच्या आदल्या संध्याकाळी बंकरमध्ये सर्जेराव शिपाई मनोजला जॅब शिकवत होता. मनोज वर्ध्याकडचा, सेक्शनमध्ये सर्वांत नवा.

"साहेब, हे मले जॅब शिकवून राह्यले," मनोज मला म्हणाला, "अन् यायले सोतालेच येत नाही."

सगळे हसले. सर्जेरावही हसला.

"शिकवायला सोताला यावं लागत न्हाई," तो म्हणाला. "सुभेदारसाहेबांना इचार. मला किती वर्षं शिकिवलं."

यावर आणखी हशा पिकला. मी सर्वांना झोपण्याचा हुकूम दिला. त्या बंकरमधील ते शेवटचे हसू.

सकाळी पेट्रोल निघाले. आकाश स्वच्छ होते. वाटेत एक उतार लागतो. तो एकेकाने ओलांडायचा, असा नियम होता. मनोज मध्यावर असताना त्याचा पाय मांडीपर्यंत रुतला. सर्जेराव त्याला काढण्यासाठी मागे वळला. त्याच वेळी वरचा बर्फ सुटला.

मी रेडिओ सेटजवळ होतो.

"कंट्रोल, पेट्रोल. स्लाइड आली. दोन माणसे खाली. ओव्हर."

"नावे. ओव्हर."

"नाईक सर्जेराव, शिपाई मनोज. ओव्हर."

"शोध चालू ठेवा. निघालो. आउट."

रेस्क्यू पार्टी घेऊन मी पोहोचलो तेव्हा पेट्रोलची माणसे हातांनी बर्फ उपसत होती. आम्ही रांग धरून प्रोब, म्हणजे शोधाच्या लांब सळया, बर्फात घालत पुढे सरकलो. एका जवानाची सळी अडली. फावडी चालली. आधी सर्जेरावाची पाठ दिसली.

तो पालथा होता. त्याचा श्वास थांबलेला होता. त्याच्याखाली मनोज होता, आणि मनोज जिवंत होता.

मी जे पाहिले ते लिहितो. सर्जेरावाचा उजवा हात स्वतःच्या अंगाखाली अडकला होता. ज्या हातावर तो आयुष्यभर विसंबला, तो कामाचा नव्हता. डावा हात कोपरात वाकून वर आलेला होता, मूठ हनुवटीच्या पातळीवर, आणि त्या हाताच्या आडोशाला, बर्फात, एका चेहऱ्याएवढी पोकळी होती. चेहरा मनोजचा होता. हिमस्खलनाच्या ड्रिलमध्ये हात स्वतःच्या तोंडासमोर धरण्यास शिकवतात.

पलटणीचा डॉक्टर भला माणूस होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, बर्फ शरीर कसंही वळवतो. यातून अर्थ काढू नका."

मी अर्थ काढला नाही. बोलण्याइतके बळ आल्यावर मनोजने इस्पितळात मला सांगितले, तेवढे ऐकले.

"त्यायनं हात माह्या तोंडापुढं आणला, साहेब. मी हलाले लागलो तं म्हणाले, हलू नको, नाक इथंच ठेव. मंग म्हणाले, साहेब येतील. मंग काही बोलले नाही."

आम्ही येण्यास लागला तेवढा वेळ लागला. उतार तसा होता.

कमांडिंग ऑफिसरांच्या फोननंतर चषकाबद्दल विचारण्यासाठी मी लोणी काळभोरला गेलो. सर्जेरावाची पत्नी अलकाबाई आणि थोरले बंधू पोपटराव घरी होते. पोपटरावांनी मजकूर ठरवून ठेवला होता: सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा.

"तो सर्वोत्कृष्ट नव्हता," मी म्हणालो.

"आहो, पण आता त्यो गेलाय, साहेब. आता कोण मोजतंय?"

"मी मोजतो."

त्या घरात हे बोलणे कठोर होते. पण मला ते बोलणे भाग होते. बेस्ट लूझरचा चषक सर्जेरावाच्या नावाने द्यावा, असे मी सुचवले.

"हरणाऱ्याला? माझ्या भावाच्या नावानं? लोकं हसतील, साहेब."

"कोण हसले ते मला कळवा."

अलकाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पुण्याच्या फायनलचा तो जुना चषक घेऊन आल्या. त्यात चमचे होते. त्यांनी चमचे काढून मांडीवर ठेवले आणि पदराने चषक पुसला.

"हरून आले की हे दोन भाकरी जास्तच खायाचे," त्या म्हणाल्या. "वजनासाठी उपाशी राहायचे ना. हा कप आणला तवा म्हणाले, रिकामा ठिवू नको, कायतरी घाल त्यात." मग त्या पोपटरावांकडे वळून म्हणाल्या, "भावजी, यांनी कधी जिंकल्याचं खोटं सांगितलं न्हाई मला. आता यांच्या माघारी आपण कशाला सांगायचं? हरणाऱ्याला द्या, साहेब. पण रिकामा देऊ नका. पोरं उपाशी असत्यात."

पोपटराव उठून अंगणात गेले. ते परत आले तेव्हा त्यांनी मला 'चहा घेतला का' एवढेच विचारले. विषय संपला.

मी कमांडिंग ऑफिसरांना तसे कळवले. त्यांनी मान्य केले.

चषक दरवर्षी दिला जातो. अलकाबाई पहाटे उठून शेंगदाण्याचे लाडू करतात आणि डबा घेऊन लोणीहून बसने पुण्यात येतात. मनोज आता हवालदार आहे. तो लाडू चषकात भरतो, आणि अलकाबाई चषक हरलेल्या मुलाच्या हाती देतात. मागच्या खेपेच्या मुलाचा एक डोळा सुजून मिटला होता. अलकाबाई त्याला म्हणाल्या, "खा आधी. सलाम मागनं कर." त्याने उभ्यानेच दोन लाडू खाल्ले. मनोजने मान दुसरीकडे वळवली.

माझी खुर्ची रिंगच्या जवळ असते. मुलांचा डावा हात खाली आला की मी अजून ओरडतो, "लेफ्ट वर." कोच आता दुसरे आहेत, ते काही म्हणत नाहीत.

सर्जेरावाला मी हे इतकी वर्षे सांगितले. त्याने एकदाच ऐकले.