विरजण न धरणारं दूध

माझा स्वभाव आधीच उतावळा, त्यात तो दुष्काळ. पाटोद्याच्या बाजूला एका लहानशा सहकारी दूध संस्थेत मी दूध तपासायला होते. गावं टँकरवर, जनावरं चारा छावणीत. संस्थेचं सांडपाणी टाकीत शुद्ध करून मागच्या एकरभर मक्याला द्यायचो. छावणीला हिरवा चारा म्हणून तेवढाच होता. टाकीतले जंतू घाण खातात, म्हणून ती सांभाळणारे मामा त्यांना 'आपली बारकी जनावरं' म्हणायचे. मी हसायचे.

छावणीच्या दाटीत गाईंच्या कासा सुजायला लागल्या. डॉक्टर अँटिबायोटिकची इंजेक्शनं द्यायचे. त्यानंतर काही दिवस डेअरीला दूध घालायचं नाही, हे बजावलेलं; पण ऐकतं कोण? संशय आला की मी कॅन बाजूला ठेवून नमुन्याला विरजण लावायचे. दुपारपर्यंत धरलं नाही, तर कॅन बाद.

पहिला बाद कॅन मामा मागच्या खड्ड्यात ओतायला निघाले, तशी मी अडवलं. "जमिनीवर नका ओतू, पायदळी येतं. गटारीत सोडा." दूध पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे आईनं माझ्या हाडीमांसी भिनवलेलं. गटार सरळ टाकीत जायची.

आठवड्यात टाकीला घाण वास सुटला, वर पांढरा फेस. मामांनी काचेच्या जारमध्ये पाणी भरून दाखवलं. एरवी अर्ध्या तासात बसणारा गाळ तासाभरानंही खाली बसेना.

"जंतूंना हवा देणारं मशीन बंद ठेवून झोपला असाल," मी फाडकन बोलले.

"न्हाई ताई. मशीन चालूच हाय."

असलं पाणी मक्याला कसं द्यायचं? व्हॉल्व्ह मीच बंद केला. मग जिवाला चैन पडेना. जेवण जाईना. टाकीपाशी जायचं, जार बघायचा, मामांवर डाफरायचं, परत यायचं. मका माना टाकायला लागला होता.

चौथ्या दिवशी टेबलावर न लागलेल्या विरजणाची वाटी होती, शेजारी तो गढूळ जार. एकदा वाटीकडे बघितलं, एकदा जारकडे. ज्या औषधानं विरजणाचे जंतू मारले, ते टाकीतल्यांना सोडणार होतं का? आणि हे मला, दूध तपासणारीला, कळू नये!

तशीच मामांकडे गेले. "पहिला कॅन तुम्ही खड्ड्याकडेच नेत होतात. तुम्हाला शंका आली होती ना? बोलला का नाहीत?"

"तुमी शिकलेल्या. आन् दूध पायदळी नगं, हे मलाबी पटलंतं."

त्या दिवसापासून बाद दूध खड्ड्यात. पहिला कॅन मी ओतला. मामांनी पायातल्या वहाणा काढल्या होत्या.

टाकी जागेवर यायला तीन आठवडे गेले. नवे जंतू वाढावेत म्हणून मामा शेणकाला टाकून वाट बघायचे, मी त्यांना तासातासाला विचारायचे. पाणी निवळलं तशी पळत जाऊन व्हॉल्व्ह उघडला. पाणी सरीतून मक्याच्या बुडाशी पोचलं. मामांनी एक ताट उपटलं, मुळं चोळून बघितली.

"बंद करा ताई. ह्यात आता काय न्हाई राहिलं."

मी ऐकलं नाही. सगळं वावर भिजेपर्यंत तिथंच उभी राहिले.