आठव्या मिनिटाची उडी

अमेरिकेहून आलेल्या त्या डबीनं मला जेवढं छळलं, तेवढं आमच्या बँकेच्या मॅनेजरनंही कधी छळलं नसेल. डबी म्हणजे ऑटोगायडर. दुर्बिणीतून ताऱ्यांचा फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्यातली फिल्म अर्धा-पाऊण तास उघडी ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यामागे बिनचूक फिरावी लागते. मोटर फिरवते, पण चुकते. ती चूक मी डोळा लावून, बटणं दाबून सुधारायची. हेच काम डबी स्वतः करते: एक तारा पकडून ठेवते आणि तो सरकला की मोटरला हुकूम देते.

देश नुकताच खुला होत होता. आमच्या नल्लकुंट्याच्या वस्तीत गच्च्यांवर डिश उगवत होत्या आणि माझा धाकटा भाऊ कंप्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला पोचला होता. नवरात्रात तीन आठवडे सुट्टीवर येताना तो मित्राची डबी मागून घेऊन आला. जाताना परत न्यायच्या बोलीवर.

मला एकच फोटो हवा होता, पण त्यातला प्रत्येक तारा गोल हवा होता. कारण दुर्बिणीचं सगळं फिरतं अंग अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं होतं. सरकारी वर्कशॉपात जन्मभर लेथवर उभे राहिलेले अप्पा. एकशे ऐंशी दात्यांचं पितळी चाक आणि त्याला फिरवणारा स्क्रू त्यांनी रिटायर झाल्यावर खपून खपून केला होता. तोवरच्या माझ्या फोटोंत ताऱ्यांना शेपट्या यायच्या, आणि दोष माझ्या हाताचा असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. आता एकदाचं कळणार होतं.

पहिला आठवडा ढगांनी आणि करंटनं खाल्ला. अमेरिकी डबीला आपला करंट चालावा म्हणून गौलीगुड्याच्या बाजारातून आणलेला ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचा आणि तारा किती सरकला ते दाखवणारे डबीचे लाल आकडे नाचायचे. शेवटी कारची बॅटरी गच्चीवर चढवली. दसरा झाला, आभाळ मोकळं झालं, डबीनं तारा पकडला. आकडे शून्यावर. मी भावाला म्हटलं, "बघ, झालं काम." तेवढ्यात तारा उडाला. अर्ध्या मिनिटानं जागेवर आला, आणि आठ मिनिटांनी परत उडाला.

मग काय काय नाही केलं. वायरी बदलल्या, वजनं सरकवली, डबीची सेटिंगं वरखाली केली. भाऊ टॉर्च धरून माहितीपुस्तक वाचायचा आणि मी त्याच्यावर ओरडायची. फिल्म धुऊन देणारा स्टुडिओवाला निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, हाथ हिला क्या?" हात! हात लावलाच नव्हता मी. सगळ्या ताऱ्यांना एकाच बाजूला शेपूट.

भाऊ जायच्या आदल्या रात्री त्यानंच हिशेब लावला. स्क्रूचा एक फेरा बरोबर आठ मिनिटांचा. अप्पा शेजारी खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, डबी खोटं बोलत नाही. तुमचा स्क्रूच वाकडा आहे. उगाच इतकी वर्षं मी आपल्या हाताला बोल लावत बसले."

"असेल," अप्पा म्हणाले. "नजर पहिल्यासारखी कुठं राहिली." आणि भिंतीला धरून जिना उतरले. मला वाईटसुद्धा वाटलं नाही, इतकं डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ गेला, डबी गेली. संध्याकाळी मी रागारागात स्क्रूवरचं झाकण काढलं. अफझलगंजला लेथवाल्याकडे नेऊन दुसरा करवून घ्यायचा, बस. ग्रीस पुसलं तर स्क्रूच्या खाचेत एका जागी काहीतरी घट्ट बसलेलं. नखानं उकरलं. तांदळाचा चुरा होता, कुंकवानं लाल झालेला.

"स्क्रूवर अक्षता कुणी टाकल्या?" मी जिन्यातून ओरडले.

अप्पा वर आले. "मी," म्हणाले. "खंडेनवमीला. झाकण काढून तेल दिलं, आणि तसंच..."

अप्पांनी! वर्कशॉपात लेथची पूजा चालायची तेव्हा हा माणूस तीस वर्षं बाहेर उभा राहून म्हणायचा, मशीनला तेल द्या, फुलं कशाला.

"तुझा फोटो यावा वाटलं," ते म्हणाले. मग माझ्या नखावरचा तो लाल चुरा त्यांनी बोटावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे स्क्रू वाकडा नाही?"

मी रॉकेलनं स्क्रू धुतला, नवं ग्रीस भरलं. अंधार पडल्यावर तारा दुर्बिणीतल्या तारांच्या फुलीवर घेतला आणि बटणांवरून हात काढून बसले. आठ मिनिटं झाली. सोळा झाली. तारा हळूहळू सरकला असेल, पण उडी नाही. मी उठले आणि अप्पांना माझ्या जागी बसवलं. चोविसावं मिनिट त्यांनी स्वतः पाहिलं.