फडकेवाले सर

आमच्या साउंड कोर्सच्या सरांच्या खिशात कायम एक पिवळं फडकं असायचं. आवाजाचा मिक्सर ते दिवसातून दहादा पुसायचे आणि शिकवायचे मात्र भिंतीवरच्या फ्लेक्सवर. फ्लेक्सवर मिक्सरचा भला मोठा फोटो होता. त्यातली बटणं आम्ही बोटाने सरकवल्यासारखं करायचं.

"आधी नजर तयार करा, हात नंतर," हे ते ताल धरल्यासारखं म्हणायचे.

"आठे बठ्ठं चित्रमाच शे!" इथे सगळं चित्रातच, म्हणून शिरपूरची माझी मैत्रीण करवादायची. मी तरी असोद्याहून बसला लोंबकळत काय फोटो कुरवाळायला यायचे?

दसऱ्याला पूजा झाली. डाग नकोत म्हणून हळदकुंकू फ्लेक्सला, मिक्सरला नुसतं फूल. फूल ठेवता ठेवता मैत्रिणीने एक खरं बटण वर सरकवलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी फडकं काढलं आणि तिचं बोट लागलं होतं तेवढंच पुसलं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

पुढे पुण्याच्या एका स्टुडिओत मुलाखतीला गेले. त्यांनी मला मिक्सरसमोर बसवलं, गाणं लावलं. "करा सुरू," म्हणाले. बटणन् बटण मला पाठ होतं.

मी विचारलं, "हात लावू?"