न उघडलेल्या पोत्याचं दळण

गुप्तता हाच धर्म मानणारा माणूस साऱ्या कळंबात एकच निघेल, आणि तो नेमका आमच्या घरात आहे: माझे धाकटे दीर. भाऊजींना येरमाळ्याला उतरायचं असलं तरी ते तिकीट पुढच्या गावाचं काढतात, कंडक्टरला तरी कशाला कळावं म्हणून. पिशवीत नुसती मेथी असली तरी वर वर्तमानपत्र झाकलेलं. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांनी आम्हाला सांगितली ती मांडववाल्याला सांगून झाल्यावर, आणि तीही दबक्या आवाजात. असा माणूस पुण्याला संगणक शिकायला गेला आणि माहितीला कुलूप लावायचं शास्त्रच शिकून आला. त्या विद्येत म्हणे कुलूप न काढताच आतल्या माहितीवर हिशेब करता येतो. मला कळेना, तेव्हा म्हणाले, "वैनी, गिरणीत शिवलेलं पोतं द्यायचं. आत ज्वारी हाय का गहू, गिरणीवाल्याला दिसत न्हाय. त्यानं पोतं न उसवता दळायचं. घरी आणून आपण उसवलं, की आत पीठ!" हेच त्यांनी खुद्द गिरणीवाल्यालाही समजावलं. तो बिचारा पुढं कितीतरी दिवस भाऊजी दिसले की गिरणी बंद करून जेवायला जायचा.

मी डॉक्टर आहे. ईट गावात आम्ही बायकांच्या स्तनातल्या गाठींची तपासणी ठेवली होती. तपासणीची माहिती दूरच्या मोठ्या संगणकाकडं पाठवायची, आणि कुणाला किती धोका आहे ते त्यानं सांगायचं, असा बेत. पण त्याआधी कुठल्याशा शिबिरातून एकीच्या दुखण्याची बातमी फुटली होती आणि तिच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्यामुळं मांडवात मी आणि नर्स, तिसरं माणूस नाही. घरी येऊन मी रडले. भाऊजींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून खोलीचं दार लावून कामाला बसले. पावसाळा गेला, सुगीही गेली, तेव्हा कुठं दार उघडलं.

पुन्हा ईटला गेलो, या वेळी भाऊजींना घेऊन. कुलूप लावल्यावर तपासणीच्या माहितीची पडद्यावर होणारी अगम्य अक्षरं त्यांनी बायकांना दाखवली. एक धिप्पाड बाई पुढं आली. "म्हंजी माझं दुखणं त्या मशीनला बी न्हाय कळणार?"

"न्हाय."

"आन तुमाला?"

"मला तर मुळीच न्हाय. किल्ली फक्त डॉक्टरीणबाईंकडं."

"मंग लई बरं," म्हणत ती बसली, आणि तिच्यामागं रांग लागली. ते कुलूपबंद गणित इतकं सावकाश चालायचं की उत्तर येईस्तोवर बायका ओटीतल्या शेंगा फोडून संपवायच्या.

त्या रांगेतल्या एकीची गाठ वेळेत सापडली. सोलापूरला ऑपरेशन झालं, ती बरी झाली. मला भेटायला आली तेव्हा माझे हात धरून म्हणाली, "तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा. नाव तेवढं नका सांगू."

मी निरोप दिला तेव्हा भाऊजी जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. कोण, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "बरी हाय ना आता?"

"अगदी छान."

"मग उलट नमस्कार म्या कुणाला करू, वैनी?"

तेव्हापासून ईटच्या बाजारात भाऊजी दिसेल त्या बाईला नमस्कार करतात. भाजीवालीला, कासारणीला, घाईत निघालेल्या मास्तरीणबाईंनाही. बायका पदराआड हसतात. परवा मी सोबत होते. एका बाईनं त्यांचा नमस्कार घेतला, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडून तशीच उभी राहिली. भाऊजी तोवर पुढं जाऊन दुसऱ्याच कुणापुढं वाकले होते. मला त्यांना हाक मारावीशी फार वाटली. मारली नाही.