पाहुण्यांपुरते अज्ञान

झरीच्या आमच्या शाळेत परदेशी विद्यार्थ्यांचा पहिला गट सेवाकार्यासाठी आला, तेव्हा संस्थेने मला आपल्याच गंगाखेडच्या महाविद्यालयातून दुभाषा म्हणून बोलावून घेतले. मुख्याध्यापिका कौसल्याबाई खिल्लारे यांची ओळख त्या दिवशीची. पाहुण्यांविषयी त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, किती दिवस हायेत हे?" दोन आठवडे, असे मी सांगितले. बाई हार आणायला गेल्या.

पुढे दरसाल त्यांच्या सुट्टीत नवा गट येऊ लागला. हेतू शुद्ध, तयारी शून्य. आधीच्या गटाने काय शिकवले याची चौकशी एकानेही केली नाही. रंगांची तीच नावे, अवयवांचे तेच गाणे. चौथीतली उज्ज्वला बाईंच्या हाताखाली इंग्रजी गोष्टी वाचू लागली होती. पाहुणीने निळा कागद पुरता उचलण्याआधीच तिने रंगाचे नाव सांगून टाकले. पाहुणी हिरमुसली. तेव्हा संस्थेच्या सचिवांनी उज्ज्वलाला व्हरांड्यात नेऊन समजावले, "पाव्हण्यायला काय वाटंल? येत न्हाई म्हणावं, मग शिकल्यासारखं करावं." हळूहळू सगळा वर्ग हे पथ्य पाळू लागला. छायाचित्रे उत्तम येत.

पाहुणे गेले, पथ्य राहिले. बाईंनी गुणाकार विचारला की उज्ज्वला आधी त्यांचा चेहरा न्याहाळी: आपल्याला हे यावे की येऊ नये? हुशार मुलीचे असे नुकसान करायला आम्हांला दोन सुट्ट्या पुरल्या. त्यानंतर बाई प्रश्न विचारताना वर्गाकडे पाठ करून फळ्यासमोर उभ्या राहू लागल्या. मुलांना वाचायला चेहराच मिळू नये, म्हणून. शिक्षणशास्त्रावरची पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत. या पाठमोरे उभे राहण्याइतका विचार त्यांतल्या फार थोड्यांत होता.

पुढच्या गटाच्या निरोपसमारंभात बाई बोलायला उठल्या. "तुमी शिकिवलं ते लेकरांना आधीच येत होतं. तुमाला बरं वाटावं म्हणून ते येत न्हाई म्हणतेत. आता मला बी तेच म्हणायलेत."

आभार मानले म्हणून सांगा, असे सचिव माझ्या कानाशी पुटपुटले. मी शब्दन् शब्द भाषांतर केले. एका विद्यार्थिनीने रडवेल्या आवाजात विचारले, मग पुढच्या वर्षी आम्ही काय करावे? बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या साली हेच लेकरू असंल, बाळा. तुमी असताल का?"

पुढच्या वर्षी गटच आला नाही. पाहुण्यांकडून मिळणारी दप्तरे बंद झाली म्हणून पालक चिडले, आणि मुख्याध्यापकपद काढून घेऊन बाईंना सोनपेठच्या शाखेत धाडण्यात आले. सहकाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. त्यांतले बरेच जण आज बाईंच्या साठीनिमित्त हा लेख मागवणाऱ्या गौरवसमितीत आहेत. बाई मात्र सुट्टीच्या दिवशी एसटीने झरीला येत, उज्ज्वलाच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसत आणि तिला उदाहरणे घालत. तिची आई हसायची, "बाई, भिताडाला शिकवायलाव का?" बाईही हसत, पण वळत नसत.

उज्ज्वला आता परभणीत पदवीच्या वर्गात आहे. तोंडी परीक्षेत आजही नजर आधी परीक्षकांच्या चेहऱ्याकडे जाते, असे तिने मला सांगितले. बाईंनी बरेच वाचवले, सगळे नाही.

'तो प्रसंग' वगळून लिहावे, अशी समितीची सूचना होती. तो वगळला तर गौरव कशाचा करायचा, हे समितीने कळवले नाही. परदेशी गट पुन्हा येऊ लागले आहेत; समारंभाला यंदाचे पाहुणे येणार आहेत आणि मुलांना स्वागतगीत शिकवणार आहेत. मुलांना ते येते.

बाईंनी साठ वर्षे पूर्ण केली आहेत. त्या पाहुण्यांपैकी एखाद्याला उज्ज्वलाची चौकशी करायला परत यावेसे वाटेल, इतके दीर्घ आयुष्य बाईंना लाभो. आणि त्या दिवशी स्वतः उठून दार उघडता येईल, इतके आरोग्य. माझा अंदाज असा की, बाईंना फार म्हणजे फार जगावे लागेल.