वाकड्या घरांचा सुतार

नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरावरची जुनी लाकडी घरं बघायला अख्खं जग लोटतं, आणि आमच्या ओडवारचं डोकं फिरतं. सत्तावीस वर्षं तो तिथे सुतारकाम करतोय आणि मी वीस वर्षं त्याच्या हाताखाली. कुजलेलं लाकूड काढायचं, नवं कुऱ्हाडीने तासून तसंच बसवायचं आणि घर जितकं कललेलं होतं तितकंच कललेलं ठेवायचं. सरळ केलं तर जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचे साहेब ओरडतात. वाकडं ठेवलं तर पाहुणे विचारतात, "काय मिस्त्री, नीट जमलं नाही वाटतं?"

काल आम्ही कोपऱ्यावरच्या घराचा खांब बदलला. भर पावसात तीन आठवडे खपलो होतो. आज ओंडक्यावर बसून पाव आणि तपकिरी चीज खात होतो, तेवढ्यात मारित गाईड तीस जणांना घेऊन आली. नेमका त्याच खांबावर हात ठेवून म्हणाली, "बघा, तीनशे वर्षांत याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही!"

ओडवार ताडकन उठला. "अगं ए बाई, कालच लावलाय! हे बघ, हाताचे फोड अजून ओले आहेत!"

मारित हसली, पाहुणेही हसले. त्यांच्यातल्या एकीने मोबाइल वर केला. ओडवारने घाईघाईने टोपी सारखी केली.

"काका, जरा बाजूला होता का?" ती म्हणाली. "फोटोत सगळं जुनंच हवंय."

"या खांबापेक्षा मीच जुना आहे! काढायचाय तर माझा काढ!" असं ओरडत ओरडत ओडवार बाजूला झाला.