पडलेला बर्फ उठतो तेव्हा

मला नोकरी लागली तेव्हा आमच्या लंडनच्या कडेच्या हाउन्सलोतल्या घरात पहिला प्रश्न बाबांनी विचारला, "म्हणजे तू टीव्हीवर दिसणार का?"

मी म्हटलं, नाही. टीव्हीवर हवामान सांगणारी माणसं वेगळी. मी अंदाज तयार करणाऱ्यांतली, तीही सगळ्यांत खालच्या पायरीवरची. बाबांचा चेहरा जरा उतरला. पण पुढच्याच रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ते भेटेल त्याला सांगत होते, "आमची मुलगी हवामान कचेरीत ऑफिसर आहे." ऑफिसर वगैरे मी काही नव्हते. एक काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई! छत्री घ्यायची की नाही, ते आता घरचंच माणूस सांगेल."

बाबा एअरपोर्टवर कार्गोत माल चढवायचे, आई विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायची. दोघांच्याही घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी फिजिक्सची डिग्री घेतली, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ग्रँटवर घेतली, आणि मला तिचा अभिमान आहे. तो मी लपवत नाही. पण हे लिहायला बसले ती दोन माणसांसाठी. एक पोस्ट चालवणारी बाई आणि एक रस्त्यांचा साहेब. दोघांचेही आभार मानायचे राहून गेले.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नोकरीतला माझा दुसरा हिवाळा. मला इंग्लंडच्या उत्तरेला टाकलं होतं. तिथे गावांच्या वर एक लांबरुंद उघडं पठार होतं. झाड नाही, कुंपण नाही, नुसतं गवत आणि मेंढ्या. पठारावरच्या शेतांतली मुलं खालच्या गावात शाळेला यायची. मध्ये आठ मैलांचा रस्ता, आणि त्या आठ मैलांत धड चार घरं नाहीत. माझं काम रस्त्यांच्या टेबलावर. रोज सकाळी सहाला कौन्सिलच्या रस्ते खात्याला अंदाज द्यायचा. त्यावरून तिथला साहेब ठरवणार, बर्फ वितळवणाऱ्या मिठाच्या लॉऱ्या कधी काढायच्या, बर्फ ढकलणारे नांगर कुठे पाठवायचे, शाळेच्या बसेस सोडायच्या की नाही.

ह्या साहेबाचा आणि माझा पहिला फोन मला अजून आठवतो.

"पोरी, जरा फोरकास्टरला दे."

"मीच बोलतेय."

"नाही, तो अंदाज ज्यानं केला त्याला दे."

"मीच केलाय."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग, "बरं, मग बोल." त्यानंतर त्यानं पुन्हा कधी दुसऱ्या कुणाला मागितलं नाही, हेही सांगायला हवं.

तर त्या दिवशी. रात्रभर पठारावर बर्फ पडला होता, पाच-सहा इंच. वारा अजिबात नव्हता, आणि थंडी कडाक्याची, शून्याखाली सात. पहाटे बर्फ थांबला. मी सहाला अंदाज दिला: बर्फ थांबला आहे, दिवसभर ऊन, दुपारनंतर पूर्वेचा वारा वाढेल. साहेब खूश. नऊच्या आत त्याच्या माणसांनी रस्ता मोकळा केला, बस पठारावर जाऊन मुलांना घेऊन आली, शाळा भरली. माझ्या अंदाजातला शब्द न् शब्द बरोबर होता.

दहा वाजता पोस्टातल्या बाईंचा फोन आला. पठारावर त्यांचं छोटं पोस्ट होतं, आणि दर तीन तासांनी त्या आम्हाला तिथलं हवामान कळवायच्या. तापमान, वारा, बर्फाची खोली. नुसते आकडे सांगून फोन ठेवायच्या. दीड वर्षात आम्ही आकड्यांपलीकडे एक वाक्य बोललो नव्हतो. त्या दिवशी आकडे संपले तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"एक सांगू का? तुम्ही लोकांनी दुपारी वारा सांगितलाय म्हणे. मी आत्ता दारातला बर्फ झाडत होते. झाडूच्या वाऱ्यानंच उडतोय गं तो."

मी म्हटलं, "बाहेर जाऊन त्याचा गोळा करून बघाल का? हातमोजे घालून, जोरात दाबून."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग दार. दोन मिनिटांनी त्या धापा टाकत परतल्या. "होत नाही. बोटांतून गळतोय. केकला घालतो ना त्या बारीक साखरेसारखा."

माझ्या डोळ्यांपुढे आली ती आईच्या चिमटीतून सुटणारी रांगोळी.

ज्या बर्फाचा गोळा होत नाही, तो वाऱ्यानं उठतो. वर आभाळ निळंभोर असेल, एक कण पडत नसेल, आणि खाली रस्त्यावर स्वतःचा हात दिसणार नाही. मी हवेच्या दाबाचा तक्ता पुढे ओढला. पूर्वेकडच्या समदाबाच्या रेषा सकाळपेक्षा जास्तच दाटीवाटीनं आल्या होत्या. म्हणजे वारा साधासुधा नाही, झोडपणारा. हे सगळं मला येत होतं. परीक्षेत ह्यावर प्रश्न होता, मी तो पूर्ण सोडवला होता! पण सकाळी मी फक्त आभाळाकडे बघितलं. पडणारा बर्फ नाही, म्हणजे इशारा नाही. जमिनीवर काय पडून आहे, ह्याचा विचारच केला नाही. आणि साडेतीनला शाळा सुटली की मुलांनी भरलेली बस त्या आठ मैलांवर जाणार होती.

आमचे सीनियर विमानतळांचे अंदाज लिहीत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली न ठेवता ऐकलं आणि म्हणाले, "मग माझ्याकडे काय आलीस? फोन तुझ्या टेबलावर आहे."

मी फोन लावला.

साहेब मजेत होता. "काय म्हणतेस? इथे इतकं ऊन आहे की काळा चष्मा शोधतोय."

"ऊनच आहे. ऊन राहणारच आहे. पण मी सकाळी अर्धंच सांगितलं. चूक माझी आहे." मग मी एका दमात सांगून टाकलं: दोनच्या सुमारास वारा येईल, पडलेला बर्फ उठेल, मोकळा केलेला रस्ता तासाभरात परत भरेल. मुलं दोनच्या आत घरी पोचायला हवीत.

"नक्की?"

आमच्या धंद्यात नक्की म्हणत नाहीत. शक्यता आहे म्हणतात, बहुधा म्हणतात. मी म्हटलं, "बस माझ्या हातात असती तर मी जेवणाच्या सुट्टीतच काढली असती."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बस साडेबाराला निघाली. एक वाजता त्याचा फोन. "हेडमास्तर मला विचारतायत, मला वेड लागलंय का. मुलं मैदानात घसरगुंडी खेळत होती म्हणे, आणि मी त्यांना उचलून घरी पाठवलं. तुझं मत तेच आहे ना?"

"तेच आहे."

दोन वाजले. काही नाही. सव्वादोन. मी दर पाच मिनिटांनी इतर ठिकाणचे आकडे छापणाऱ्या टेलिप्रिंटरपाशी जाऊन येत होते. वारा आला नाही तर आज काहीच बिघडणार नव्हतं. मुलांना अर्धा दिवस सुट्टी मिळाली, एवढंच. पण पुढच्या वेळी मी फोन केला की साहेब बस काढणार नाही, आणि ती पुढची वेळ खरी असेल. अडीचला सीनियरनी न विचारता माझ्यासमोर चहाचा मग ठेवला. तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

पावणेतीनला पोस्टातल्या बाईंचा फोन. त्यांची वेळही नव्हती.

"फाटक दिसेनासं झालंय. समोरचं फाटक, वीस पावलांवरचं. आणि वर बघते तर निळं आभाळ."

"बस?" मी विचारलं.

"ती मघाशीच गेली की. दीडला इथून परत खाली गेली, रिकामी. ड्रायव्हरनं हात केला." मग म्हणाल्या, "कोंबड्या आत घ्यायच्यात, ठेवते," आणि ठेवला.

साडेतीनला, एरवी जेव्हा बस सुटली असती, तेव्हा बर्फाचा नांगर अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरला. रस्ता दोन दिवस बंद होता.

पुढे मी बरीच वर्षं अंदाज दिले, नव्वदच्या दशकात नवीन मुलांना शिकवलंही. त्यांना मी पठारावर कुणाला तरी फोन करायला लावायची, झाडू मारून बघा म्हणायची. मुलं हसायची, मग करायची. पोस्टातल्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. आकड्यांपलीकडचं ते एक वाक्य बोलायची त्यांना काही गरज नव्हती. साहेबालाही गरज नव्हती. लख्ख उन्हात, जिनं आपली चूक आत्ताच कबूल केली आहे अशा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या शब्दावर त्यानं शाळा रिकामी केली. माझ्या आईबाबांनंतर माझ्यावर इतका भरवसा टाकणारा तोच पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"तू दोन म्हणाली होतीस. पावणेतीन झाले."

"हो. पाऊण तासानं चुकलं."

"हेडमास्तरांना तो पाऊण तास फार जड गेला. मलाही गेला." कागद चाळल्याचा आवाज आला. "ते विचारत होते, अंदाज कुणी दिला. मी म्हटलं, हाउन्सलोची एक पोरगी आहे. ते म्हणाले, हाउन्सलो कुठे आलं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला तरी कुठे माहितीय! उद्या ड्यूटीवर कोण आहे?"

"मीच."

"बरं आहे," तो म्हणाला. "आता आजचं सांग."